एका देशाचं गहाणखत

२६ जून १८७९. कैरोच्या आबदीन राजवाड्यात इस्तंबूलहून ऑटोमन सुलतानाची तार आली. तारेवर नाव होतं 'माजी खेदिव इस्माईल' यांचं. इस्माईल त्या घटकेपर्यंत माजी नव्हते. इजिप्तचे गादीवर बसलेले धनी होते आणि त्याच राजवाड्यात वरच्या मजल्यावर होते. ती तार वर घेऊन जायला कोणी तयार होईना, असं सांगतात. आपण पदच्युत झालो, ही बातमी त्यांना पत्त्यातूनच कळायची होती. मजकूर नंतरचा.

एका शब्दाने गादी गेली. तोफ वाजली नाही, दरवाजा फुटला नाही, पहारा बदलला नाही. इस्माईल यांनीही फार त्रागा केला नाही. चार दिवसांनी ते अलेक्झांड्रियाहून आपल्याच 'महरुसा' या जहाजातून नेपल्सला निघून गेले. (हे जहाज आजही तरंगतं आहे. १९५२ मध्ये त्यांचा नातू फारूक राजाही गादी सोडून याच जहाजातून, याच बंदरातून, इटलीलाच गेला. एकाच घराण्याला दोनदा परदेशी पोचवून आलेलं दुसरं जहाज मला माहीत नाही.)

तार सुलतानाची होती, पण ती पाठवायला लावणारे हात लंडन-पॅरिसचे होते. आणि ते हात आधी सेनापतींचे नव्हते, हिशेबनिसांचे होते. युरोपने मुसलमानी मुलूख कसे घेतले असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आरमार येतं, लाल डगले येतात, लढाया येतात. तेही खरंच. पण इजिप्तच्या बाबतीत लढाई अगदी शेवटच्या अंकात, तासाभरापुरती येते. त्याआधीचं सगळं नाटक खातेवहीत घडतं, आणि त्याची सुरुवात होते ती आपल्याला चांगल्याच ओळखीच्या पिकापासून. कापसापासून.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग गिरणीवाल्यांची नजर दोन ठिकाणी वळली: मुंबईकडे आणि अलेक्झांड्रियाकडे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने कुलाब्याला उतरू लागला, आणि त्याच वेळी नाईलच्या खोऱ्यात गव्हाच्या जागी कापूस उभा राहिला. इजिप्तकडे लांब धाग्याची उत्तम जात होती. तिथले आधीचे राज्यकर्ते महंमद अली यांच्या काळात, १८२० च्या सुमारास, जुमेल नावाच्या फ्रेंच माणसाला कैरोतल्या एका बागेत शोभेसाठी लावलेल्या झुडपावर ती सापडली होती. भाव तिपटी-चौपटीने चढले. मुंबईत बॅकबेच्या समुद्रात भर घालायच्या कंपनीचे शेअर कोणत्या भावाला गेले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदांसकट सारी मुंबई कशी कोसळली, ते आपण शाळेत नाही तरी कुठेतरी वाचलेलं असतं. त्या भरतीने मागे ठेवलेली खूण, राजाबाई टॉवर, अजून उभी आहे.

इस्माईल पाशा गादीवर आले १८६३ मध्ये, भरती ऐन जोरात असताना. मुंबईच्या दलालांना जे वाटलं तेच त्यांना वाटलं: ही तेजी कायमची आहे.

त्यांना नुसता उधळ्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ब्रिटिश लेखकांनी तसंच केलं, कारण ते सोयीचं होतं. राजवाडे त्यांनी बांधले, ऑपेरा हाउस बांधलं, व्हर्दीकडून 'आयडा' लिहवून घेतली हे खरं. ('आयडा' सुएझच्या उद्घाटनाला झाली ही गोष्ट मात्र खोटी. ती झाली दोन वर्षांनी, १८७१ च्या नाताळाच्या आदल्या रात्री, कारण पोशाख आणि पडदे प्रशियाने वेढलेल्या पॅरिसमध्ये अडकून पडले होते.) पण त्याच पैशातून सुमारे दीड हजार किलोमीटर लोहमार्ग आला, पाटाचे हजारो किलोमीटर कालवे आले, तारयंत्र, पूल, बंदरं, शाळा आल्या. देश युरोपसारखा करायचा होता, आणि तोही एका माणसाच्या हयातीत. त्यासाठी पैसा युरोपकडेच मागायचा, इथे घोडं पेंड खात होतं.

आता हा पैसा कसा मिळे ते पाहण्यासारखं आहे. १८७३ च्या मोठ्या कर्जाचा कागद होता ३ कोटी २० लाख पौंडांचा. त्यातून इजिप्तच्या पदरात पडले सुमारे २ कोटी. बाकीचे १ कोटी २० लाख सुटीत, दलालीत आणि हमीत वाटेतच जिरले. व्याज मात्र पूर्ण कागदावर, सात टक्के. म्हणजे शंभराचा कागद लिहून घ्यायचा, हातावर साडेबासष्ट टेकवायचे आणि व्याज शंभरावर मोजायचं. खरा दर धरला तर अकरा टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला ही रीत समजावून सांगायला लागली नसती. फरक एवढाच की इथला सावकार गावात ओट्यावर बसे आणि तिथला सावकार लंडन-पॅरिसच्या पेढीत.

जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, हे चक्र सुरू झालं. १८६३ मध्ये ठोक कर्ज ३० लाख पौंडांच्या घरात होतं. १८७६ मध्ये ते ९ कोटींवर गेलं. मधल्या काळात, १८७१ मध्ये, इस्माईल यांनी एक कायदा केला, तो वाचून मी थक्क झालो होतो: जो जमीनदार सहा वर्षांचा शेतसारा आगाऊ भरेल, त्याचा सारा कायमचा निम्मा माफ. आजच्या घासासाठी पुढच्या साऱ्या पिढ्यांचं ताट विकायचं.

या सगळ्यात सुएझ कालव्याचं काय? कालवा इस्माईल यांच्या आधीचा. त्यांचे आधीचे खेदिव, म्हणजे तेव्हाच्या भाषेत वाली, सईद पाशा. लहानपणी ते गलेलठ्ठ होते, आणि वडील महंमद अली त्यांना उपाशी ठेवून व्यायाम करायला लावत. अशा वेळी अलेक्झांड्रियातला एक तरुण फ्रेंच वकील (कॉन्सुल) त्यांना चोरून मॅकरोनी खाऊ घाले, असं सांगतात. त्या वकिलाचं नाव फर्डिनंड द लेसेप्स. सईद १८५४ मध्ये गादीवर आले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला कालव्याचा परवाना लेसेप्सच्या हातात पडला. मॅकरोनीची किंमत मोठी निघाली. कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षं कंपनीकडे राहणार. कंपनीचे चार लाख शेअर, प्रत्येकी ५०० फ्रँकचे. इंग्लंडने त्यांना हात लावला नाही, फ्रेंचांनी निम्म्याहून थोडे अधिक घेतले, आणि जे कोणी घेतले नाहीत त्यांचा मोठा गठ्ठा सईद यांच्या गळ्यात पडला.

खोदकाम १८५९ मध्ये सुरू झालं ते वेठबिगारीवर. फेल्लाह, म्हणजे तिथला साधा शेतकरी, हजारोंनी वाळवंटात नेला जाई. इस्माईल आल्यावर त्यांनी ही वेठ बंद करायचं ठरवलं. कंपनीने नुकसानभरपाई मागितली. लवाद कोण? फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन. निकाल १८६४ मध्ये आला: इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावेत. स्वतःच्या रयतेला वेठीला जुंपू न देण्याबद्दलही एका देशाने परक्या कंपनीला दंड भरला.

हे शक्य कसं होत होतं? याचं एक जुनं कारण आहे. सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतान जगातल्या सर्वांत बलाढ्य राजांपैकी होते, तेव्हा त्यांनी आपल्या राज्यात व्यापार करणाऱ्या परदेशीयांना सवलतनामे दिले: तुमचे तंटे तुमचे वकील, म्हणजे कॉन्सुल, सोडवतील, आमचे काझी मध्ये पडणार नाहीत. बलवानाने पाहुण्याला दिलेली ती सूट होती. तीनशे वर्षांनी बलवान दुबळा झाला, पाहुणा मालक झाला, पण कागद तोच राहिला. एकोणिसाव्या शतकात कैरोत एखादा युरोपीय ठग पकडला, तरी त्याच्यावर त्याच्या कॉन्सुलच्या कचेरीतच खटला चाले. इजिप्त सरकारवर दावे लावणं हा तर काहींचा धंदाच झाला होता. एकदा एका गोऱ्या पाहुण्याशी बोलताना पाशांनी नोकराला म्हटलं म्हणे, अरे ती खिडकी लाव, या साहेबांना सर्दी झाली तर मला दहा हजार पौंड पडतील. ही गोष्ट कधी सईद यांच्या नावाने सांगतात, कधी इस्माईल यांच्या. दोघांनाही शोभते.

कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला. सम्राज्ञी युजेनी आल्या, आतषबाजी झाली. मुंबई-लंडन अंतर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झालं. आफ्रिकेला वळसा घालून गाठावी लागणारी मुंबई हिंदुस्थानचा पुढचा दरवाजा झाली ती याच दिवशी. आणि ज्या इंग्लंडने कालव्याची टिंगल केली होती, त्याचीच जहाजं त्यातून सर्वांत जास्त जाऊ लागली.

सहा वर्षांनी, नोव्हेंबर १८७५ मध्ये, इस्माईल यांना तातडीने रोकड हवी होती. विकण्यासारखं उरलं होतं ते म्हणजे सईद यांच्या गळ्यात पडलेला शेअरांचा गठ्ठा. पंतप्रधान डिझरेली यांना सुगावा लागला. पार्लमेंट बसलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी रॉथशील्डच्या पेढीकडून पैसे उचलले आणि १,७६,६०२ शेअर सुमारे ४० लाख पौंडांना घेऊन टाकले. यात एक मेख होती. या शेअरांवरचा पुढच्या कित्येक वर्षांचा नफा इस्माईल यांनी आधीच कंपनीला तोडून दिलेला होता. तेव्हा तो नफा सुरू होईपर्यंत विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला वर्षाला पाच टक्के द्यायचे ठरले. बैल विकला आणि वर त्याच्या वैरणीचे पैसेही दर वर्षी पोचते केले. १८८० मध्ये नफ्यातला उरलासुरला पंधरा टक्के हक्कही २ कोटी २० लाख फ्रँकना फ्रेंचांना गेला. आपल्या भूमीतल्या, आपल्या माणसांनी खणलेल्या कालव्याच्या नफ्यात इजिप्तचा पैसाभरही वाटा राहिला नाही.

त्याच १८७५ सालच्या मे महिन्यात, १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे ते हेच. त्यांची मुळं शोधणाऱ्यांना इतर कारणांबरोबर कापसाच्या तेजीतली सढळ उधारी आणि तेजी ओसरल्यावर आवळलेला फास सापडला. म्हणजे अमेरिकेतल्या एका युद्धाने सुप्याच्या कुणब्याला आणि कैरोच्या खेदिवाला एकाच सुमारास कागदावर अंगठा उठवायला लावला होता. कुणब्याला कागद जाळता आला. खेदिवाचा कागद लंडनला होता.

एप्रिल १८७६ मध्ये इस्माईल यांनी हात वर केले. पुढच्याच महिन्यात कैरोत सार्वजनिक कर्जाची कचेरी उघडली. सावकार देशांचे प्रतिनिधी तिथे बसणार आणि ठरलेल्या प्रांतांचा महसूल, जकात, रेल्वेचं उत्पन्न थेट त्यांच्या तिजोरीत जाणार. वर्षअखेरीस 'दुहेरी नियंत्रण' आलं: जमेवर एक इंग्रज, खर्चावर एक फ्रेंच. १८७८ मध्ये तर मंत्रिमंडळातच अर्थमंत्री इंग्रज आणि बांधकाममंत्री फ्रेंच झाला. पायऱ्या पाहा किती लहान आहेत. यातल्या एकाही पायरीवर 'आता देश गेला' असं म्हणता येत नाही.

आणि याच वेळी आभाळही फिरलं. १८७७ मध्ये इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस झाला नाही आणि नाईलचा पूर फार खाली राहिला. त्या वर्षांत प्रशांत महासागरात प्रचंड 'एल निनो' उठला होता. आपल्याकडे १८७६-७७ चा जो महादुष्काळ दख्खनने पाहिला, त्यामागेही तोच. वरच्या इजिप्तमध्ये माणसं भुकेने मेली, आणि तरी १८७८ चा व्याजाचा हप्ता लंडन-पॅरिसला पोचला. सारा आगाऊ वसूल झाला. उभं पीक शेतातच विकलं गेलं.

काटकसर म्हणून अडीच हजार अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर बसवलं, तेव्हा फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी रस्त्यात इंग्रज अर्थमंत्र्याला घेरलं. इस्माईल यांनी ती संधी साधून युरोपीय मंत्री घालवले. त्याचं उत्तर म्हणजे ती जूनमधली तार. गादीवर त्यांचा मुलगा तौफिक आला, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने देशाचं जवळपास निम्मं उत्पन्न कर्जाला बांधलं गेलं.

मग अहमद उराबी. झगाझिगजवळच्या खेड्यातल्या शेतकरी घरातला कर्नल. सैन्यात वरच्या जागा तुर्की-चेर्केसी सरदारांना, आणि अरबी बोलणारा फेल्लाह खाली, हे त्याला सोसवेना. ९ सप्टेंबर १८८१ ला तो पलटणी घेऊन आबदीन चौकात उभा राहिला आणि मंत्रिमंडळ बदला, संसद द्या, अशी मागणी केली. 'मिसर मिसरवासीयांचा' ही हाक तिथली. सावकारांना धडकी भरली ती बंदुकांनी कमी, संसदेने जास्त. कारण संसदेने अंदाजपत्रकावर हक्क सांगितला. पुढच्या जूनमध्ये अलेक्झांड्रियात दंगल झाली, युरोपीय आणि इजिप्ती दोन्ही मेले, आणि ११ जुलै १८८२ ला ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या. फ्रेंच आरमार आधीच निघून गेलं होतं. तोफा डागणाऱ्या सरकारचे पंतप्रधान ग्लॅडस्टन हे साम्राज्यविस्ताराचे टीकाकार म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या स्वतःच्या गुंतवणुकीचा मोठा हिस्सा इजिप्तच्या महसुलावर हमी असलेल्या रोख्यांत होता. त्यांनी त्यासाठीच युद्ध केलं असं मी म्हणणार नाही. पण सावकारी किती खोल, किती सज्जन घरांत शिरली होती ते यातून दिसतं.

उराबीने कालवा बुजवून टाकायला हवा होता. कालवा तटस्थ आहे, इंग्रज तिथे पाऊल टाकणार नाहीत, असा दिलासा लेसेप्स देत राहिले आणि उराबी थांबला. जनरल वुल्झलीने थेट कालव्यातूनच फौज आत आणली. सुएझच्या टोकाने हिंदुस्थानी पलटणी उतरल्या. त्यांच्या खर्चातला काही भार हिंदुस्थानच्याच तिजोरीवर पडला. १२ सप्टेंबरच्या रात्री ताऱ्यांच्या खुणेने वाळवंट तुडवत फौज तेल-अल-कबीरला पोचली. झुंजुमुंजू होताना हल्ला झाला आणि तासाभरात संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोडदळ कैरोत. उराबीला सिलोनला धाडलं.

यापुढचं मला सगळ्यांत नवलाचं वाटतं. इंग्रजांनी इजिप्त जिंकला, पण घेतला नाही. म्हणजे तसं कुठे लिहिलंच नाही. सुलतान सार्वभौम राहिला, त्याची खंडणी चालू राहिली. खेदिव गादीवर राहिला. मंत्री इजिप्तचे राहिले. आम्ही लवकरच जाणार, असं लंडन पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. १८८३ मध्ये एव्हलिन बेअरिंग कैरोत आले, पुढे ते लॉर्ड क्रोमर झाले. घराणं बेअरिंग बँकवाल्यांचं. १८७७ मध्ये हेच गृहस्थ कर्जाच्या त्या कचेरीत ब्रिटिश रोखेधारकांच्या बाजूने बसले होते, आणि मधली तीन वर्षं हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य होते. कैरोत त्यांचा हुद्दा काय? कॉन्सुल जनरल. अनेक देशांचे तसे वकील तिथे होते. या एका वकिलाने मात्र चोवीस वर्षं देश चालवला. त्याचा 'सल्ला' न मानणाऱ्या मंत्र्याने घरी जायचं, असा दंडक लंडनने १८८४ मध्ये घालून दिला होता. शनिवारवाड्याजवळ रेसिडेंट येऊन बसल्यावर काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण दुसऱ्या बाजीरावांनी निदान वसईचा तह केला होता. इथे तहसुद्धा नव्हता. उघड संरक्षित राज्य जाहीर झालं ते थेट १८ डिसेंबर १९१४ ला, सुलतान महायुद्धात जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर. बत्तीस वर्षं एक देश नावाने एकाचा, वहिवाटीने दुसऱ्याचा होता.

हा प्रयोग एकट्या इजिप्तवर झाला असंही नाही. ट्युनिसच्या राज्यकर्त्याचं, म्हणजे बेचं, दिवाळं निघालं, १८६९ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तमंडळ बसलं, १८८१ मध्ये फ्रान्सचं राज्य. मोरोक्कोत १९०४ चं कर्ज, १९१२ मध्ये राज्य. कर्ज उलट्या बाजूचं असलं तरी फार फरक पडत नसे. अल्जीरियात देणं फ्रान्सचंच होतं: क्रांतीच्या काळात घेतलेल्या गव्हाचे पैसे फ्रान्सने तीस वर्षं थकवले होते. १८२७ मध्ये तिथले राज्यकर्ते दे हुसेन यांनी तगादा करता करता चिडून फ्रेंच वकिलाला माशा वारायच्या पंख्याने झोडलं. फ्रान्सचा अपमान झाला. १८३० मध्ये फ्रेंच फौज उतरली, आणि एकशेबत्तीस वर्षं राहिली. सावकार दारात येतो हे ठाऊक होतं. इथे ऋणकोच घर घेऊन बसला.

इजिप्तमधून शेवटचा ब्रिटिश सैनिक गेला जून १९५६ मध्ये. त्यानंतर महिनाभराने, २६ जुलैच्या संध्याकाळी, अलेक्झांड्रियाच्या चौकात गमाल अब्देल नासर भाषणाला उभे राहिले. 'महरुसा'वरून फारूक राजा गेला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. भाषण रेडिओवरून देशभर जात होतं. बोलता बोलता ते जुन्या इतिहासात शिरले आणि लेसेप्सचं नाव घेऊ लागले. एकदा, दोनदा, पुन्हा, पुन्हा. या माणसाचं आज एवढं काय, असं ऐकणाऱ्यांना वाटलं असेल. कालव्याच्या काठी रेडिओला कान लावून बसलेल्या पथकांना मात्र तेच नाव ऐकायचं होतं. तो ठरलेला संकेत होता. भाषण संपायच्या आत ती कंपनीच्या कचेऱ्यांत शिरली होती. नव्याण्णव वर्षांचा करार संपायला अजून बारा वर्षं बाकी होती.